नाडीचा वळ

दिवसभराची कामे आटोपून रात्री साडी सोडली, की कमरेभोवती परकराच्या नाडीचा लालसर वळ दिसतो. त्यावर खोबरेल तेलाचा हात फिरवावा आणि सकाळी त्याच जागी पुन्हा नाडी आवळावी, हा घरोघरचा पिढ्यान्‌पिढ्यांचा परिपाठ आहे. साठीच्या आसपास तेथील कातडी काळवंडते, खरखरीत होते, क्वचित पांढरीही पडते. तरी तो आजार मानला जात नाही. जन्मभर साडी नेसल्याची ती खूण, एवढेच समजले जाते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात या खुणेविषयीच एक निबंध प्रसिद्ध झाला. तो लिहिणारे डॉक्टर नागपूरपासून सुमारे ७५ किलोमीटरवरील वर्ध्याच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील आणि बिहारमधील मधुबनी वैद्यकीय महाविद्यालयातील होते. त्यात दोन वृद्ध स्त्रियांची हकिकत आहे. पहिली सत्तर वर्षांची. तिच्या उजव्या कुशीवर दीड वर्षापासून एक दुखरी जखम होती आणि ती काही केल्या भरत नव्हती. साडीखालच्या परकराची नाडी ती कमरेला घट्ट आवळून बांधत असे. दुसरी सत्तरीच्या अलीकडची. तिने चाळीस वर्षे रोज लुगडे नेसले, तेही आत परकर न घालता, कमरेला कचकून. तिची जखम दोन वर्षांची होती. दोघींच्याही जखमेचा तुकडा तपासला असता त्वचेचा कर्करोग निघाला. दुसरीच्या बाबतीत तो जांघेतील गाठीपर्यंत पोहोचलेला होता.

साडीमुळे कर्करोग होतो, असा अर्थ कोणी काढू नये. दोष वस्त्राचा नाही, एकाच रेषेवर वर्षानुवर्षे पडणाऱ्या घट्ट दाबाचा आणि घर्षणाचा आहे. नागपूरच्या वैशाखात त्यात घामाची आणि धुळीची भर पडते. कातडी झिजते, चिरते, थोडी भरून येते आणि सकाळी त्याच जागी नाडी पुन्हा बसते. सतत दुरुस्त होत राहणाऱ्या त्वचेत केव्हातरी पेशींची वाढ ताळ्यावर राहत नाही. जुनाट व्रणातून आणि भाजल्याच्या वणातून उद्भवणाऱ्या अशा कर्करोगाला मार्जोलिन या फ्रेंच शल्यविशारदाच्या नावाने ओळखतात. त्याने अशा व्रणांचे वर्णन १८२८ साली केले होते.

आपल्याकडेही ही गोष्ट नवी नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ मध्ये, लोकांच्या राहणीच्या सवयी आणि कर्करोग यांचा संबंध दाखवणाऱ्या निबंधात, धोतराच्या घट्ट गाठीखाली होणाऱ्या कर्करोगाची नोंद केली. त्याहीपूर्वी, १८६६ साली, एल्म्सली या डॉक्टराने काश्मीरमध्ये पोटाशी निखाऱ्याची कांगडी धरून बसणाऱ्यांच्या त्वचेवर होणारा कर्करोग वर्णिला होता. धोतर मागे पडले आणि तो आजार वाचनातून गेला. साडी मात्र राहिली. मारवाडी घरांतील जुन्या पिढीचा घाघरा तर आणखी जड. त्याचा सारा भार एका नाडीवर असतो.

या कर्करोगाचे प्रमाण अत्यल्प आहे, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. तसे ठामपणे सांगता येते ते एका धर्मादाय संस्थेच्या चिकाटीमुळे. डॉ. दाराब जस्सावाला आणि नवल टाटा यांनी १९५१ मध्ये मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीची स्थापना केली. शहरात कोणाला, कोठला, किती कर्करोग होतो याची नोंदवही तिने १९६३ मध्ये मुंबईत सुरू केली आणि १९८० मध्ये नागपुरात. हे काम दिसायला फार रूक्ष. कर्मचारी रुग्णालये, खासगी दवाखाने आणि प्रयोगशाळा हिंडतात, महापालिकेच्या मृत्युनोंदी पाहतात, रुग्णाचे वय, राहण्याचे ठिकाण आणि रोगाचे स्थान टिपतात, एकच रुग्ण दोनदा मोजला जाऊ नये म्हणून नावे ताडून पाहतात. या कामासाठी देणगी मागायला गेले तर दात्याच्या नावाची पाटी लावायला भिंत नसते. पण नागपूरच्या पुरुषांत तोंडाचा आणि स्त्रियांत स्तनाचा कर्करोग पुढे आहे, त्वचेचा अगदी मागे आहे, हे ज्ञान अशाच नोंदीतून आले.

कॅन्सर रिलीफ सोसायटीचे राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आणि डॉ. आबाजी थत्ते सेवा और अनुसंधान संस्थेची जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था, या नागपूरच्या दोन्ही मोठ्या संस्था लोकाश्रयावर उभ्या आहेत. समाजाच्या वतीने भवनात किंवा स्थानकात तपासणी शिबिर भरते, तेव्हा तोंड आणि स्तन यांवरच भर असतो आणि तो योग्यच आहे. मात्र स्त्री-डॉक्टर तपासतच असेल, तर कमरेकडे एक दृष्टी टाकायला आणखी अर्धे मिनिट पुरते. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांताच्या कर्करोग परिषदेने १९८१ पासून दूरचित्रवाणीवर एक गाणारा समुद्रपक्षी आणला आणि सदरा घाला, मलम लावा, टोपी घाला, हे घराघरांत पोहोचवले. तेथे गोऱ्या कातडीला उन्हाचे भय. आपल्या सावळ्या वर्णाला निसर्गानेच बरेच संरक्षण दिले आहे. म्हणून तेथला संदेश येथे जसाच्या तसा उचलून चालत नाही. येथे पाहायची ती न भरणारी जखम.

या दृष्टीने पाहिले, तर विदर्भात त्वचेचा कर्करोग टाळण्याचे काम त्या नावाने न ओळखल्या जाणाऱ्या संस्थांनीही केले आहे. मनोहरजी दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठसेवा सुरू केली. बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन वसवले. कुष्ठरोगात पायाची संवेदना जाते, खडा रुतलेला कळत नाही, तळव्याला व्रण होतो आणि तो वर्षानुवर्षे वाहत राहिला तर त्यातूनही कर्करोग उद्भवू शकतो. पाय रोज पाण्यात भिजवणे, तेल लावणे, मऊ तळाची चप्पल घालणे, वेळेवर मलमपट्टी करणे, अशा सेवेचे हे एक न बोललेले फलित आहे.

तळव्याचा उल्लेख निघाला, तर आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. सावळ्या वर्णाच्या लोकांत मेलॅनोमा हा त्वचेचा घातक कर्करोग बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली आढळतो. साधू-साध्वीजी अनवाणी विहार करतात. त्यांच्या पायांना भेगा, फोड, काटे हे नित्याचेच, आणि ते स्वतः त्याविषयी सहसा बोलत नाहीत. चातुर्मासात वैयावृत्य करणाऱ्या श्रावक-श्राविकांनी मर्यादा सांभाळून एवढे विचारावे, की तळव्यावर पूर्वी नसलेला काळा डाग वाढतो आहे काय, एखादी जखम महिन्याभरात भरली नाही असे आहे काय. तसे असेल, तर विहार पुढे सुरू होण्यापूर्वी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवणे सोयीचे.

घरातील आजीच्या बाबतीत अडचण निराळी असते. कमरेवरची जखम ती सुनेलाही दाखवत नाही. हळद, तूप, घरगुती लेप यांत वर्ष निघून जाते आणि नाडी तेथेच बांधली जाते. जखमेचा लहानसा तुकडा काढून तपासणे हाच निदानाचा खात्रीचा मार्ग असून त्याला सहसा रुग्णालयात राहावेही लागत नाही. तुकडा काढल्याने रोग पसरतो, ही समजूत मात्र सुशिक्षित घरांतही ऐकू येते. तिला आधार नाही. रोग कातडीपुरता असेल तर शस्त्रक्रियेने निभावते. गाठींत उतरल्यावर उपचार लांबतात.

वर्ध्याच्या निबंधात डॉक्टरांनी सुचवलेला उपाय अगदी घरगुती आहे. साडीखाली सैल परकर घालावा, आणि कातडी बिघडू लागलीच तर ती बरी होईपर्यंत सैल कपडे वापरावेत. बारीक गोल नाडीऐवजी रुंद पट्टी असेल तर दाब पसरतो. गाठ रोज एकाच जागी न मारता थोडी वर-खाली, कधी डावीकडे कधी उजवीकडे घेता येते. इतवारी-गांधीबागेतील कापडाच्या व्यापाऱ्याला हे कोणी समजावून सांगण्याची गरज नाही, कारण परकर त्याच्याच दुकानातून जातो. सुती की साटीन, उंची किती, साडीशी रंग जुळतो का, हे तो गिऱ्हाइकाला विचारतोच. रुंद पट्टीचे परकर वेगळ्या खणात ठेवून, वयस्क बाई समोर बसली की त्यांतला एक काढून दाखवायला त्याला फार तर शिंप्याकडून चार डझन आगाऊ शिवून घ्यावे लागतील.