पोह्यातला शेंगदाणा

१९४३ साली बाल्टिमोरच्या लिओ कॅनर या बालमानसोपचारतज्ज्ञाने ११ मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. ऑटिझमच्या, म्हणजे स्वमग्नतेच्या आजच्या निदानाची सुरुवात तिथली. त्या ११ पैकी ६ मुलांनी तान्हेपणापासूनच खाण्यापिण्यात आईवडिलांना जेरीस आणलं होतं. बाहेरचं जग लांब ठेवायचं म्हणून मूल अन्नही नाकारतं, असा अर्थ कॅनरने लावला. निरीक्षण अचूक होतं. अर्थ मात्र अपुरा.

आता संशोधक आधी ज्ञानेंद्रियांकडे पाहतात. आवाज, वास, स्पर्श काहींना फार तीव्र जाणवतात, तर काहींना जेमतेम. जेवणात हे सगळं एकदम अंगावर येतं. पोह्यांचंच घ्या. मऊ घासात मधेच कडक शेंगदाणा, मग करकरीत कांदा, दाताखाली फुटणारी मोहरी, टाळूला चिकटलेलं कढीपत्त्याचं पान. आपल्याला त्यातच मजा येते. पुढचा घास कसा लागणार याची ज्याला आधी खात्री हवी, त्याला मात्र हे नकोसं होतं. वरण भाताला लागलं म्हणून ताट ढकलणारी मुलं असतात. बुळबुळीत भेंडीने काहींना चक्क ओकारी येते. पुड्यातलं बिस्किट पहिलं काय नि शेवटचं काय, सारखंच. द्राक्षांच्या घडाला ती हमी नाही: एक गोड, दुसरं आंबट, तिसरं मऊ पडलेलं. वेष्टन बदललं म्हणून तेच बिस्किट नाकारणारीही मुलं आहेत.

‘भूक लागली की खाईल मुकाट्याने’ हा वडीलधाऱ्यांचा सल्ला इथे महागात पडू शकतो. काही मुलांना भुकेची जाणीवच नीट होत नाही. शिवाय मोजक्याच पदार्थांवर राहिलेल्या मुलांना स्कर्वी, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार, झाल्याच्या नोंदी आजच्या काळातल्या आहेत. वजन ठीक असल्याने कुणाला शंका येत नाही. मूल लंगडायला लागतं आणि तपासण्या भलत्याच होत राहतात.

कधी कारण अगदी साधं असतं. बद्धकोष्ठता, पित्त घशाशी येणं, किडलेला दात. न बोलणारं मूल हे सांगणार कसं? म्हणून आधी बालरोगतज्ज्ञ. त्यानंतरचं काम ऑक्युपेशनल थेरपिस्टच्या मदतीने, सावकाश: नवा पदार्थ वेगळ्या वाटीत, आधी नुसता पाहायचा, मग हुंगायचा, बोट लावायचं, चाखायची सक्ती नाही. त्यात आठवडे जातात. गहू आणि दूध बंद करण्याचं खूळ सध्या बरंच पसरलं आहे. त्याने ऑटिझम सुधारतो, याला ठोस पुरावा नाही. आधीच आखडलेला आहार मात्र आणखी आखडतो.

आवडीच्या पदार्थांची यादी दिवसेंदिवस कमी होत असेल, वजन वाढत नसेल किंवा घास गिळताना मूल ठसकत असेल, तर ‘मोठेपणी सुधारेल’ म्हणून थांबू नका. दोन आठवडे मूल काय खातं ते वहीत लिहा आणि ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा.