कॉकपिटमधून न दिसणारे इंजिन

प्रवासी विमान चालवणाऱ्या वैमानिकांना बहुधा स्वतःच्याच विमानाची इंजिने दिसत नाहीत. पंखांखालची ही इंजिने कॉकपिटच्या बरीच मागे असतात. त्यांची खबर वैमानिकांना मिळते ती काट्यांवरून, दिव्यांवरून आणि विमानाच्या थरथरीवरून. केबिन क्रूला आणि प्रवाशांना मात्र तीच इंजिने खिडकीतून थेट दिसतात. या फरकाचे मोल ब्रिटनमध्ये ८ जानेवारी १९८९ च्या रात्रीच्या अपघातात ४७ माणसे गमावल्यावर कळले.

ब्रिटिश मिडलंड कंपनीचे बोइंग ७३७-४०० विमान १२६ जणांना घेऊन लंडनच्या हीथ्रोहून बेलफास्टला निघाले होते. सुमारे २८ हजार फुटांवर, अजून चढत असतानाच, डाव्या इंजिनाच्या पंख्याचे एक पाते मोडले.

जेट इंजिनाच्या तोंडाशी असलेल्या या पंख्यामागे कॉम्प्रेसर असतो. तो हवा टप्प्याटप्प्याने दाबत पुढे नेतो आणि त्या दाबलेल्या हवेत इंधन जळते. पात्याचा तुकडा गेल्याने फिरत्या पंख्याचा तोल बिघडला आणि हवेचा प्रवाहही विस्कटला. अशा वेळी कॉम्प्रेसरला हवा पुढे रेटता येत नाही. दाबलेली हवा उलटी उसळते, दणके बसतात, इंजिनाच्या मागून ज्वाळा निघतात. पाहणाऱ्याला वाटते, विमान पेटले. खरे तर दोन इंजिनांचे विमान एका इंजिनावर सुखरूप उतरू शकते, त्याची रचना आणि वैमानिकांचा सराव त्याच हिशेबाने होतो. फक्त बिघडलेले इंजिन कोणते, हे नक्की कळायला हवे.

इथे नेमके तेच चुकले. कॉकपिटमध्ये धूर आला. विमानातली हवा कोणत्या इंजिनाकडून येते याबद्दल कॅप्टनच्या मनात जी समजूत होती, तिच्यामुळे संशय उजव्या इंजिनावर गेला. कंपन दाखवणारा डाव्या इंजिनाचा काटा कमाल पातळीला टेकला होता, पण तो मापक छोटा होता, आणि जुन्या विमानांतल्या अशा मापकांवर वैमानिकांचा भरवसा नसे. नव्या मापकांचा सराव करायला तसा सिम्युलेटरही कंपनीकडे नव्हता. वैमानिकांनी उजवे इंजिन मंद केले आणि थरथर थांबली! इंजिनाची ताकद आपोआप सांभाळणारी यंत्रणा त्याच वेळी बंद केल्याने डाव्याला जाणारे इंधन घटले आणि ते तात्पुरते शांत झाले होते, एवढेच. योगायोगाने चुकीच्या निदानावर शिक्कामोर्तब केले. धडधाकट इंजिन बंद झाले आणि विमान ईस्ट मिडलंड्स विमानतळाकडे वळले.

मागे काय चालले होते? डाव्या इंजिनातून निघणाऱ्या ज्वाळा अनेक प्रवाशांनी आणि केबिन क्रूमधल्या तिघांनी पाहिल्या होत्या. क्रूच्या प्रमुखाला कॅप्टनने कॉकपिटमध्ये बोलावले, केबिनमध्ये धूर आला का, एवढे विचारले आणि सगळे आवरून ठेवायला सांगितले. थोड्या वेळाने प्रमुख परत आला, तो प्रवासी फार घाबरलेत हे सांगायला. मग कॅप्टनने घोषणा केली: उजव्या इंजिनात बिघाड होता, ते बंद केले आहे. काही प्रवासी चक्रावले, पण कोणी बोलले नाही. आवराआवरीत गुंतलेल्या क्रूच्या ध्यानात 'उजवे' हा शब्द आलाच नाही. त्यांना दोष द्यायला माझे मन धजत नाही. गडबडीच्या वेळी कॉकपिटमध्ये व्यत्यय आणायचा नाही, हे त्या काळी अंगवळणी पडलेले होते, आणि 'वैमानिकांना कळलेच असेल' हे गृहीतही सगळ्यांच्या मनात होते. ज्याला दिसत होते त्याला विचारले गेले नाही, ही माझ्या मते त्या रात्रीची सर्वांत महागडी चूक होती.

उतरताना ताकद वाढवताच डावे इंजिन कोलमडले. धावपट्टीच्या थोडे अलीकडे, केगवर्थ गावाजवळ, एम-१ महामार्गाच्या बांधावर विमान आदळले.

ब्रिटिश तपास अहवालाने वैमानिक आणि केबिन क्रू यांच्यातल्या समन्वयाच्या प्रशिक्षणावर बोट ठेवले. आज अनेक कंपन्यांत कॅप्टन क्रूच्या प्रमुखाला ठरलेल्या क्रमाने सांगतो: बिघाड काय, पुढे काय करणार, वेळ किती, खास सूचना कोणत्या. ऐकणारा ते जसेच्या तसे परत म्हणून दाखवतो. उलट दिशेची खबरही तितकीच नेमकी लागते. क्रूच्या काही खुर्च्यांची तोंडे मागच्या बाजूला असतात, तिथे बसलेल्याच्या उजव्या हाताला विमानाचे डावे इंजिन येते. म्हणून बाजू सांगायची ती विमानाच्या नाकाकडे तोंड आहे असे धरून.

केबिनमधली अशी खबर कामी आल्याचे उदाहरणही आहे. ४ नोव्हेंबर २०१० रोजी सिंगापूरहून सिडनीला निघालेल्या क्वांटास कंपनीच्या ए-३८० विमानाचे एक इंजिन हवेतच फुटले. कॉकपिटमध्ये इशाऱ्यांची रीघ लागली. तेव्हा एक वैमानिक उठून केबिनमध्ये गेला. प्रवासी म्हणून बसलेल्या, त्याच कंपनीच्या दुसऱ्या वैमानिकाने त्याला समोरच्या पडद्यावर शेपटीवरच्या कॅमेऱ्याचे दृश्य दाखवले: डाव्या पंखातून इंधन गळत होते. विमान सिंगापूरला परतले, पण डावीकडचे टोकाचे इंजिन बंदच होईना. ब्रेक तापलेले, शेजारी इंधन सांडतेय. तरीही घसरगुंड्या उघडल्या नाहीत, कारण त्यांवरून उतरताना माणसे जखमी होऊ शकतात आणि खाली धोका होताच. क्रू दारांशी सज्ज उभा राहिला, गरज पडताच दारे उघडण्यासाठी. अग्निशमन दलाचा पहारा असताना उजव्या बाजूच्या एकाच दाराने, जिन्यावरून प्रवासी उतरवले गेले. विमानात ४६९ जण होते. कोणालाही इजा झाली नाही.