झाड परत वाढते, पण कधी?

पावसाळ्याच्या तोंडावर नागोठण्याच्या आसपासच्या वाड्यांवर घराच्या कुडाला लाकडांची रास लागते. पाऊस सुरू झाला की जळण दमट, घर बंद आणि माझ्या ओपीडीत धाप लागलेल्या बायका. परवा आलेल्या मावशींना विचारले, “विडी ओढता का?” “नाय ओ साहेब, चूल फुंकते.” श्वासनलिका कायमची आकसणारा सीओपीडी हा आजार चुलीच्या धुरानेही होतो.

सोबतचा मुलगा शिकलेला होता. म्हणाला, “धुराचं कळलं डॉक्टर. पण गॅस जमिनीतून काढलेला, लाकूड जंगलातलं. झाड परत वाढतं. मग हवामानाला लाकूडच बरं ना?”

प्रश्न चोख होता. उत्तर आहे ते ‘किती वर्षांत’ यात.

एक किलो वाळलेल्या लाकडात साधारण अर्धा किलो कार्बन असतो. जळल्यावर त्याचा सुमारे १.८ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. एक मेगाज्यूल उष्णतेसाठी लाकूड सुमारे ११२ ग्रॅम वायू सोडते, दगडी कोळसा ९५ आणि स्वयंपाकाचा गॅस ६३. शिवाय साध्या चुलीत बरीचशी उष्णता भांड्याला लागतच नाही. म्हणजे पेटवल्या दिवशी लाकूड कोळशापेक्षाही वाईट. ही उधारी फिटते ती नवे झाड तेवढा कार्बन शोषून घेईल तेव्हा.

आता मोळीमोळीत फरक आहे. जंगलात पडलेल्या काटक्या जाळल्या नाहीत तरी वाळवी आणि बुरशी काही वर्षांत त्यांचा फडशा पाडणारच होती. तिथे उधारी थोडी. राबासाठी कवळ तोडलेला ऐन पुन्हा पालवतो, हे आपल्याकडे शेतकऱ्याला सांगायला नको. पण चाळीस वर्षांचे खोड तोडले, तर फेड चाळीस वर्षांची, आणि ते उभे राहिले असते तर आणखी वाढले असते, तो तोटा वेगळा. लाकडी कोळशाच्या भट्टीचे गणित त्याहून वाईट. आपल्याकडची कातकरी कुटुंबे पावसाळा संपला की अशा भट्ट्यांवर कामाला जातात. कमी हवेत लाकूड कोंडून जाळताना निम्म्याहून अधिक ऊर्जा तिथेच जाते, मिथेन निसटतो, आणि धूर त्या मजुरांच्या छातीत.

हीच चूक मोठ्या प्रमाणावर होते. इंग्लंडमधील यॉर्कशायरचे ड्रॅक्स वीजकेंद्र कोळशावरून लाकडाच्या दाबलेल्या गोळ्यांवर गेले. त्यातल्या बऱ्याचशा अमेरिकेच्या दक्षिणेकडील जंगलांतून येतात. हा कार्बन झाड तुटते तिथल्या हिशेबात धरायचा असा आंतरराष्ट्रीय नियम असल्याने धुराड्यापाशी आकडा शून्य दिसतो. हवेला हा नियम ठाऊक नाही! जगात २००९ साली जळणासाठी तोडलेल्या लाकडापैकी २७ ते ३४ टक्के लाकूड पुन्हा वाढण्याच्या वेगापेक्षा जास्त तोडलेले होते, असा एक अंदाज २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. दक्षिण आशिया त्यात ठळक होता.

मावशींकडे उज्ज्वलाचा सिलिंडर आहे, पण भरून आणायला पैसे लागतात म्हणून तो चहापुरता. मी इनहेलर लिहून दिला आणि सांगितले: भात, भाजी, भाकरी गॅसवर. आंघोळीच्या पाण्याची चूल पडवीबाहेर न्या, तिला पडलेल्या काटक्याच घाला. उभ्या झाडाला कोयता नको. मुलगा म्हणाला, “पावसात बाहेर पेटंल कशी?” शेवटी आम्ही कागदावर पत्र्याच्या आडोशाचे चित्र काढत बसलो.