माणसाने झोपायचं कुठे?

मागच्या व्याख्यानात आपण शिक्षा आणि सूड यांतला फरक पाहिला. शेवटी एका श्रोत्याने विचारलं होतं, की शिक्षा भोगून झाली, मग माणूस मोकळा झाला का? आज त्या प्रश्नाकडे वळू. उदाहरण मुद्दाम अवघड घेतो आहोत, कारण सोप्या उदाहरणावर तत्त्व तपासता येत नाही.

उदाहरण आहे अमेरिकेतल्या मायामीचं. लैंगिक गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांची तिथे सार्वजनिक नोंदवही असते. फ्लोरिडा राज्याचा नियम असा होता, की मुलांवर अत्याचार केलेल्यांनी शाळा, बागा अशा जागांपासून 1,000 फुटांच्या आत राहायचं नाही. 2005 मध्ये मायामी-डेड काउंटीने हे अंतर 2,500 फूट केलं. आपण जरा हिशेब करू. एका शाळेभोवती 2,500 फुटांचं वर्तुळ काढलं, तर सुमारे 1.8 चौरस किलोमीटर जागा बाद होते. आता शहरातल्या सगळ्या शाळांभोवती अशी वर्तुळं काढा. उरतं काय? पाणी, विमानतळ आणि पूल.

तेच झालं. खाडीवरच्या ज्युलिया टटल कॉजवे या पुलाखाली वस्ती उभी राहिली. तिथे तंबू होते, पुठ्ठे होते, आणि पायांवरचे जीपीएस पट्टे चार्ज करायला जनरेटर होता. माणसं ठरल्या वेळी तिथे आहेत ना, हे पाहायला अधिकारी रात्री येत. काहींच्या सरकारी ओळखपत्रावर पत्ता म्हणून पुलाचंच नाव होतं! 2010 मध्ये ती वस्ती हटवली. पुढे हायलियाजवळ तसाच तळ पडला, आणि 2018 मध्ये तोही उठवला.

इथे कुणी म्हणेल, ‘मग बिघडलं कुठे? अशांची दया कशाला?’ हा प्रश्न आपण झटकून टाकायचा नाही. आम्हांलाही नातवंडं आहेत. म्हणून दया बाजूला ठेवू आणि एवढंच विचारू, की याने मुलं सुरक्षित झाली का?

मिनेसोटाच्या तुरुंग विभागाने 2007 मध्ये पुन्हा लैंगिक गुन्हा करून तुरुंगात परतलेल्या 224 जणांची प्रकरणं तपासली. घराच्या अंतराच्या नियमाने त्यांतला एकही गुन्हा टळला नसता. याचं कारण उघड आहे. मुलांवरचे बहुसंख्य अत्याचार नात्यातले, ओळखीचे लोक करतात, आणि तिथे फूटपट्टी पोचत नाही. शिवाय हा नियम मोजतो तो झोपण्याचा पत्ता, दिवसभराचं वागणं नव्हे. उलट घर, नोकरी आणि नातेवाईक सुटले, की माणसावर लक्ष ठेवणं अवघड होतं. आयोवातल्या सरकारी वकिलांच्या संघटनेनेच 2006 मध्ये असा नियम नको म्हटलं, आणि ते काही आरोपींचे कैवारी नव्हेत. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये, सॅन डिएगो काउंटीत पॅरोलवरच्या सगळ्यांना हा नियम सरसकट लावणं घटनाबाह्य ठरवलं. तिथली सुमारे 97 टक्के भाड्याची घरं त्यांना बंद झाली होती.

आता तत्त्वाकडे येऊ. जेरेमी वॉल्ड्रन या तत्त्वज्ञाने 1991 मध्ये बेघरपणावर एक निबंध लिहिला. त्याचा गाभा साधा आहे. माणूस जे काही करतो ते कुठेतरीच करतो. झोपायला जागा लागते. सगळ्या जागा बंद केल्या, तर तुम्ही झोपण्यालाच बंदी केली.

आपल्याकडे तडीपारी आहे. तिच्यावरही आक्षेप आहेत. पण महाराष्ट्र पोलीस कायद्यात तिला दोन वर्षांची कमाल मुदत आहे, आधी म्हणणं मांडायची संधी आहे, आणि ठरल्या हद्दीबाहेर राहायला जागा आहे. मायामीचा नियम कुणालाही थेट हाकलत नाही. तो फक्त वर्तुळं काढतो. हाकलण्याचं काम नकाशा करतो, म्हणून जबाबदार कुणीच दिसत नाही. गावकुसाबाहेर ठेवण्याची रीत आपल्याला नवी नाही. ‘आम्ही कुठे हाकललं?’ हे वाक्यही नवं नाही.

भारतातही 2018 पासून लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद आहे. ती पोलीस आणि तपास यंत्रणांपुरती आहे, लोकांना खुली नाही. ती खुली करा, अशी मागणी संतापाच्या भरात उद्या होऊ शकते. तेव्हा दोन प्रश्न विचारू. याने मूल वाचेल का? आणि हा माणूस आज रात्री कुठे झोपेल? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर पहिल्याचंही उत्तर बहुधा आपल्याजवळ नसतं.