बाजाराचा वार, सुईचा वार

नंदुरबार जिल्ह्यातल्या कुठल्याही दवाखान्यात तासभर बसून बघा. नुसत्या गोळ्या लिहून दिल्या की पेशंटचा चेहरा पडतो. "साहेब, एक सुई मारून द्या ना," ही मागणी ठरलेली. सलाईन लागलं तर औषधपाणी खरं झाल्याचं समाधान. सुईवर इतका जीव असलेल्या या मुलखात त्याच माणसाला सांगा, की आता दर आठवड्याला ही सुई घरी, आपल्याच हाताने घ्यायची आहे. तो दचकतो. दुसऱ्याच्या हातची सुई म्हणजे औषध आणि आपल्या हातची म्हणजे धोका, असं काहीतरी आपल्या मनात पक्कं बसलेलं आहे.

हे आता बोलायला हवं, कारण आठवड्याची इंजेक्शनं शहरापुरती राहिलेली नाहीत. मधुमेह आणि वजनासाठीचं टिर्झेपेटाईड मार्च २०२५ मध्ये 'मौंजारो' या नावाने भारतात आलं, पाठोपाठ जूनमध्ये सेमाग्लुटाईडचं 'विगोवी'. सेमाग्लुटाईडच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच, त्यानंतर इतर कंपन्यांनाही ते बनवता येतं. संधिवातासाठी आठवड्याला एकदा घ्यायचं मेथोट्रेक्सेट तर कितीतरी जुनं. त्याच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही, पण खरा धोका तिथेच आहे. त्याकडे शेवटी येतो.

"सुई टोचणं सिस्टरचं काम, आपलं नाही." हा पहिला गैरसमज. इन्सुलिनची सुई माणसाला पहिल्यांदा दिली गेली १९२२ च्या जानेवारीत, कॅनडात. तेव्हापासून साधी माणसं घरी सुई घेत आली आहेत, तीही एके काळी काचेची सिरिंज उकळून. मग भीती कसली? आपण सगळ्या सुया एकच समजतो. बाळाला बीसीजी देतात ती कातडीच्या आत. धनुर्वाताची सुई दंडाच्या स्नायूत खोल जाते, म्हणून दोन दिवस हात ठणकतो. आठवड्याचं हे औषध कातडीखालच्या चरबीत सोडायचं असतं. शीर शोधायची नाही, स्नायू गाठायचा नाही. पेनाला, म्हणजे औषध भरलेल्या पेनासारख्या इंजेक्शनाला, लावायची सुई चार मिलिमीटरचीही मिळते, म्हणजे तांदळाच्या दाण्याहून आखूड. कातडी साधारण दोन-अडीच मिलिमीटर जाड असते, त्यामुळे तेवढी सुई बाई-पुरुष, जाड-बारीक सगळ्यांना पुरते.

जागा दोनच लक्षात ठेवा. बेंबीपासून चार बोटं सोडून पोट आणि मांडीचा पुढचा भाग. दंडाची मागची बाजू चालते, पण तिथे टोचायला दुसरं माणूस लागतं. हात साबणाने धुवा, स्पिरिट लावलं तर ते वाळू द्या. ओल्या स्पिरिटवरच टोचलं की झोंबतं, आणि लोक म्हणतात औषधच जहाल आहे. पेनाचं बटण दाबून आकडा शून्यावर आला तरी सुई लगेच ओढू नका, मनात सावकाश सहापर्यंत मोजा. थेंबभर रक्त आलं तर कापूस धरा, चोळू नका. दर आठवड्याला जागा थोडी सरकवा. हवेच्या बुडबुड्याने जीव जातो हे सिनेमातलं. चरबीत गेलेला बारीक बुडबुडा काही करत नाही, फार तर औषध तेवढं कमी जातं.

पेनाऐवजी बाटली आणि सिरिंज मिळाली असेल तर मात्र सावध. इन्सुलिनच्या सिरिंजवरच्या रेघा युनिटच्या असतात, मिलिग्रॅमच्या नव्हेत. त्यात आपल्याकडे सिरिंज दोन प्रकारच्या. लाल टोपीची ४० युनिटची, केशरी टोपीची १०० ची. अर्धा मिलिलिटर औषध एकीवर २० च्या रेघेपर्यंत येतं आणि दुसरीवर ५० च्या. मेडिकलवाल्याने बदलून दिली आणि आपण जुन्याच रेघेवर भरलं, तर डोस चुकलाच.

"ही इन्सुलिनच, म्हणजे आपलं आता शेवटचं आलं." नाही. सेमाग्लुटाईड, टिर्झेपेटाईड ही इन्सुलिन नाहीत आणि टाइप १ च्या मधुमेहात इन्सुलिनची जागाही घेत नाहीत. जेवणानंतर आतड्यात तयार होणाऱ्या संप्रेरकाची नक्कल करून ती काम करतात. आपलं स्वतःचं ते संप्रेरक दोन-चार मिनिटांत विरतं. औषधाचा रेणू मात्र रक्तातल्या प्रथिनाला चिकटून राहील असा घडवलेला असतो. सेमाग्लुटाईड निम्मं व्हायलाच आठवडा लागतो, टिर्झेपेटाईडला पाचेक दिवस. म्हणून ते आठवड्याला एकदा. सात दिवसांचा जोर एका दिवसात उतरतो, हा समज त्यामुळे खोटा. सुरुवातीचा डोस मुद्दाम लहान असतो, पोटाला सवय व्हावी म्हणून. महिनाभरात "काहीच फरक नाही" म्हणून मनानेच दुप्पट घेणारे मग उलट्या काढत बसतात.

नुसत्या या औषधाने साखर एकदम खाली जाण्याची भीती कमी. सोबत ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन असेल तर मात्र ती खरी आहे. नवरात्राचे उपवास, रोजे धरण्याआधी डॉक्टरांना विचारा. पोटात सुरू होऊन पाठीत जाणारी आणि न थांबणारी कळ आली तर घरी वाट बघू नका, ते स्वादुपिंडाचं दुखणं असू शकतं. मूल हवं असेल तर सेमाग्लुटाईड दोन महिने आधी थांबवावं लागतं.

वार चुकला तर? आपल्याकडे आठवडा मोजायचा तो बाजाराच्या वारावर. माझं सांगणं, गावचा बाजार ज्या वारी, तोच सुईचा वार ठरवा. कॅलेंडर न बघणारा माणूसही बाजार विसरत नाही. तरीही राहून गेलं, तर सेमाग्लुटाईड पाच दिवसांच्या आत आणि टिर्झेपेटाईड चार दिवसांच्या आत घेता येतं. त्याहून उशीर झाला तर ती सुई सोडून द्यायची आणि पुढच्या ठरल्या वारीच घ्यायची. राहिलेली भरून काढायला दोन एकदम कधीही नाही.

आता आमच्या जिल्ह्याचा खरा प्रश्न: ठेवायचं कुठे? न उघडलेलं पेन २ ते ८ अंशांत, म्हणजे फ्रिजमध्ये. सेमाग्लुटाईडचं मूळ पेन वापरायला काढल्यावर ३० अंशांच्या आत ब्रँडप्रमाणे सहा ते आठ आठवडे चालतं. टिर्झेपेटाईडला इतकी सवड नाही. प्रत्येक कंपनीचं गणित निराळं, म्हणून डब्यातला कागद वाचून घ्या. पुस्तकात 'खोलीचं तापमान' लिहिलेलं असतं, पण ती खोली शहाद्याची मे महिन्यातली नसते. बाहेर ४२-४३ अंश आणि वर पत्रा तापलेला असताना घरात तीस कुठून राहणार? "मग बर्फात ठेवू" हा त्याहून वाईट उपाय. एकदा गोठलेलं औषध वितळून नीट दिसलं तरी फेकायचं. फ्रिजमध्येही बर्फाच्या कप्प्याला चिकटवून ठेवू नका.

धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवर जिथे फ्रिज नाही किंवा वीज दिवसदिवस येत नाही, तिथे मडक्यात मडकं ठेवून मधल्या जागेत ओली वाळू भरायची आणि आत कोरड्या डबीत औषध ठेवायचं. इन्सुलिनसाठी हा उपाय वापरात आहे. कोरड्या उन्हाळ्यात पाण्याची वाफ होऊन आतला गारवा टिकतो, पावसाळ्यातल्या दमट हवेत फारसा टिकत नाही. हा गारवा फ्रिजचा नाही, हेही ध्यानात असू द्या. न उघडलेल्या पेनांचा साठा दवाखान्यात किंवा फ्रिज असलेल्या घरी ठेवून एकेक आणणं बरं.

दुसरी गोष्ट इथल्या रक्ताची. नंदुरबार हा सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा पट्टा. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ ला सुरू झाली, ती अशाच जिल्ह्यांसाठी. मधुमेहाचं औषध लागू पडतंय का, हे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेवरून, म्हणजे एचबीएवनसीवरून ठरवतात. सिकलसेलच्या आजारात तांबड्या पेशी लवकर मरतात, त्यामुळे हा आकडा खोटा कमी येतो. नुसते वाहक असलेल्यांचाही तो फसवू शकतो. रिपोर्ट छान म्हणून औषध कमी केलं आणि साखर चढलेलीच, असं होतं. शिवाय या सुयांनी सुरुवातीला उलट्या-जुलाब होतात, अंगातलं पाणी कमी होतं, आणि पाणी कमी होणं हेच सिकलसेलच्या कळा उठण्याचं नेहमीचं कारण. तेव्हा सिकलसेलचं कार्ड असेल तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांपुढे ठेवा.

आणि मेथोट्रेक्सेट. "रोज घेतलं तर सांधे लवकर मोकळे होतील" हा समज जीव घेतो. हे औषध आठवड्याला एकदाच, गोळी असो वा सुई. चुकून रोज घेतल्यास हाडातल्या मगजात रक्त तयार होणंच थांबतं. तोंडात फोड, ताप, अंगावर निळे डाग दिसले तर त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठायचा. चिठ्ठीवर डॉक्टरांकडून वाराचं नाव अक्षरात लिहून घ्या, 'आठवड्याला १' एवढं पुरेसं नाही. गरोदर बाईने हे औषध घ्यायचं नाही, दुसऱ्याला टोचूनही द्यायचं नाही.

पेन महाग म्हणून नवरा-बायकोत एकच वापरणं, "सुई तर बदलली" म्हणून, हेही नको. औषधाच्या नळीत रक्ताचा अंश मागे येतो आणि त्यातून कावीळ, एचआयव्ही पसरू शकतात. वापरलेली सुई उकिरड्यावर टाकू नका, तिथे पोरं आणि शेरडं फिरतात. जाड प्लास्टिकच्या डब्यात जमवा आणि भरला की झाकण घट्ट लावून आरोग्य केंद्रात द्या.

पहिली सुई मात्र घरी घेऊ नका. औषध घेऊन दवाखान्यात जा आणि सिस्टरच्या समोर, तिच्या नव्हे, तुमच्याच हाताने टोचा. घरातलं आणखी एक माणूस सोबत न्या, म्हणजे दोघांना येईल.