गॅरंटी संपली म्हणजे सगळेच संपले का?

आमच्या आळीत एक बाई आहेत. त्या घरी डबे करतात. रोज सकाळी पंधरा डबे जातात. आधी सारे वाटण पाट्यावर व्हायचे. मग त्यांनी भिशीचे पैसे उचलले आणि मिक्सर घेतला. साडेतीन हजारांचा. एक वर्षाची गॅरंटी होती.

अकराव्या महिन्यात मिक्सर बंद पडला. दुकानदाराने तो ठेवून घेतला आणि आठ दिवसांनी परत दिला. चार दिवस चालला, अन् पुन्हा बंद! जळका वासही येऊ लागला. बाई पुन्हा दुकानात गेल्या. दुकानदार म्हणाला, "काकू, कार्डावरच्या नंबराला फोन करा. कंपनीचा माणूस घरी येईल." मुलाने फोन केला. माणूस काही आला नाही. आज येईल, उद्या येईल, असे करता करता दोन महिने गेले. मग दुकानदाराने सांगितले, "काकू, आता गॅरंटी संपली. मोटर बदलायला अठराशे पडतील."

बाई माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "गुरुजी, गॅरंटी संपली म्हणजे सगळंच संपलं का हो?"

हा प्रश्न पुष्कळांना पडतो. पण लोक तो मनातच ठेवतात आणि पैसे देऊन मोकळे होतात. आपण त्याचा नीट विचार करू.

गॅरंटी म्हणजे काय? गॅरंटी म्हणजे वस्तू विकताना दिलेला शब्द. अमुक दिवसांत वस्तू बिघडली तर आम्ही ती फुकट दुरुस्त करू, असा तो शब्द असतो. काही कार्डांवर 'वॉरंटी' असे लिहिलेले असते. बाजारात म्हणतात की गॅरंटी म्हणजे वस्तू बदलून मिळते आणि वॉरंटी म्हणजे दुरुस्त करून मिळते. त्या नावावर जाऊ नका. कार्डावर काय छापले आहे ते वाचा. मागची बाजूसुद्धा वाचा, बरे का! फ्रीजचे कार्ड बघा. पुष्कळ कार्डांवर पूर्ण फ्रीजची हमी एक वर्ष असते, पण आतल्या कॉम्प्रेसरची हमी दहा वर्षे असते. लोक एक वर्ष संपले की कार्ड रद्दीत टाकतात! मग कॉम्प्रेसर गेला की त्याची पूर्ण किंमत भरतात. मात्र गॅस भरणे, मजुरी, ने-आण यांचे पैसे बहुधा कंपनी वेगळे घेते. तेही त्याच कार्डावर बारीक अक्षरांत असते.

आता कायद्याकडे वळू. आपल्या देशात १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याच्या जागी २०१९ साली नवा कायदा आला. तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. गॅरंटी संपली की ग्राहकाचा हक्क संपला, असे या कायद्यात कुठेही लिहिलेले नाही. वस्तूत दोष असेल तर ग्राहकाला तक्रार करता येते. दोष म्हणजे काय, तेही कायद्याने सांगितले आहे. वस्तूचा जो दर्जा कायद्याने हवा, किंवा सौद्यात उघड वा गृहीत धरलेला असेल, त्यात उणेपणा असणे म्हणजे दोष. 'गृहीत धरलेला' या शब्दांकडे लक्ष द्या. मिक्सर घेताना आपण दुकानदाराला, "हा चालेल ना?" असे लिहून मागत नाही. तो चालणारच, हे दोघांनीही धरलेले असते. १९३० सालचा जुना माल विक्री कायदाही हेच मानतो.

पण याचा अर्थ असा नव्हे, की सात वर्षे वापरलेली इस्त्री घेऊन दुकानात भांडायला जावे. वस्तू झिजते. मिक्सरच्या मोटरीतले कार्बन झिजतात, रबर फाटते, पात्याची धार जाते. विजेचा दाब एकदम वाढला तरी मोटर जळते. तो काही कंपनीचा दोष नव्हे. आपल्यालाही थोडे खरे बोलावे लागते. भांडे गळ्यापर्यंत भरून मिक्सर सलग वीस मिनिटे फिरवला, अन् मग कंपनीला नावे ठेवली, तर ते बरे नाही. सलग किती वेळ चालवायचा, ते पुस्तिकेत छापलेले असते. पुष्कळ मिक्सरांच्या तळाशी एक लाल बटण असते. ताण जास्त झाला की ते आपोआप सुटते आणि मिक्सर थांबतो. अशा वेळी पिन काढावी, मिक्सर निवू द्यावा, मग ते बटण दाबावे. पुष्कळदा काम तेवढ्यावर भागते.

मग गॅरंटीच्या आत आणि गॅरंटीनंतर यांत फरक काय? फरक पुराव्याचा आहे. गॅरंटीच्या आत नुसते कार्ड आणि बिल दाखवले की पुरते. गॅरंटीनंतर, दोष पहिल्यापासूनच होता, वापराने झालेला नव्हता, हे आपल्याला दाखवावे लागते. तेच काम अवघड असते. मात्र तोच बिघाड दोनदा झाला आणि पहिली तक्रार गॅरंटीच्या आतली असेल, तर आपली बाजू बळकट होते. मुदतीत सांगितलेले काम कंपनीने लांबवले, तर त्याची भरपाई आपण का करावी?

म्हणून मी बाईंना विचारले, "पहिल्यांदा मिक्सर दिला, तेव्हा दुकानदाराने चिठ्ठी दिली होती का?"

"नाही हो. ओळखीचा आहे, म्हणून मागितली नाही."

ही आपल्याकडची जुनी खोड आहे. ओळखीच्या माणसाकडे कागद मागायला लाज वाटते. बिलाचेही तसेच. "बिल नको असेल तर थोडे कमी करतो," असे दुकानदार म्हणतो आणि आपण दोनशे रुपयांसाठी बिल सोडतो. बिल न देणे ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. आणखी एक गोष्ट. हल्ली यंत्रातून निघणाऱ्या गुळगुळीत बिलावरची अक्षरे काही महिन्यांत उडून जातात. त्याची झेरॉक्स त्याच दिवशी काढून ठेवावी.

बाईंकडे बिल होते. चिठ्ठी नव्हती. मी म्हटले, "मुलाने फोन केला तेव्हा मोबाइलवर काही निरोप आला होता का?" मुलगा मोबाइल घेऊन आला. बाई सहा महिन्यांपासून आमच्या वर्गाला येतात. त्यांनी स्वतः बोट ठेवून एकेक निरोप वाचला. शेवटी सापडला! तक्रारीचा नंबर होता आणि तारीख होती. ती तारीख गॅरंटी संपायच्या नऊ दिवस आधीची होती.

मग आम्ही पत्र लिहिले. वाक्ये बाईंचीच होती, शुद्धलेखन तेवढे मी पाहिले:

"मी तुमचा मिक्सर अमुक तारखेला घेतला. बिलाची प्रत जोडली आहे. गॅरंटी चालू असताना तो दोनदा बंद पडला. दुसऱ्या वेळची तक्रार तुमच्याकडे नोंदलेली आहे. तिचा नंबर व तारीख खाली दिली आहे. तुमचा माणूस आला नाही. तरी पंधरा दिवसांत मिक्सर फुकट दुरुस्त करून द्यावा किंवा बदलून द्यावा. नाहीतर मी ग्राहक आयोगाकडे जाईन."

एक प्रत दुकानदाराला दिली आणि दुसरीवर त्याची सही घेतली. एक कंपनीला स्पीड पोस्टाने पाठवली. पोस्टाची पावती जपून ठेवली.

दुकानदाराने एक मुद्दा काढला. "तुम्ही डब्याच्या धंद्याला मिक्सर वापरता. मग तुम्ही ग्राहक कशा?" हा मुद्दा समजून घ्या. नफ्याच्या व्यापारासाठी घेतलेल्या वस्तूला हा कायदा लागत नाही, हे खरे. पण जो माणूस स्वतःच्या हातांनी काम करून पोट भरतो आणि त्या कामासाठी वस्तू घेतो, तो ग्राहकच. शिलाई मशीनवाली बाईही यात येते. मात्र काही कार्डांवर 'फक्त घरगुती वापरासाठी' अशी अट असते. कंपनी ती अट पुढे करू शकते. तेव्हा घेतानाच ती बघावी.

पत्राने काम झाले नाही, तर १९१५ या नंबरावर फोन करावा. ही सरकारची राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. मराठीत बोलता येते. तेथून कंपनीला विचारणा होते. तेवढ्यानेही भागले नाही, तर जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करावी. कंपनी मुंबईची असो की दिल्लीची, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. वकील लागत नाही. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फीही नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत मात्र जायला हवे. निकाल तीन महिन्यांत, आणि वस्तू तपासणीला पाठवायची असेल तर पाच महिन्यांत लावण्याचा प्रयत्न करावा, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात पुष्कळदा जास्त वेळ लागतो. धीर धरावा लागतो. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले. अशा संस्थेचे कार्यकर्ते जवळपास असतील, तर तक्रार लिहायला त्यांची मदत घ्यावी.

आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. म्हणून बिघडलेली वस्तू भंगारवाल्याला देऊ नका. बाहेरच्या कारागिराकडून आधीच उघडूही नका. एकदा उघडली की कंपनी म्हणते, दोष त्याने केला. पैसे देऊन दुरुस्ती करून घेतलीच, तर पावती घ्या आणि काढलेला जुना भाग परत मागा. दुरुस्ती हीसुद्धा सेवा आहे. ती वाईट झाली तर तिचीही तक्रार करता येते.

वस्तूने शॉक दिला, ती फुटली किंवा पेटली, अन् माणसाला इजा झाली, तर ती गोष्टच निराळी. दोष वस्तूचा असेल तर त्या इजेची भरपाई मागता येते. गॅरंटी संपली, एवढे म्हणून तेथे कंपनीला सुटता येत नाही. अशी वस्तू पुन्हा लावून बघू नये.

बाईंच्या पत्राला बाराव्या दिवशी उत्तर आले. फोनवरच आले. मग कंपनीचा माणूस घरी आला, त्याने मोटर बदलली आणि कागदावर सही घेतली. बाईंनी सही करण्याआधी तो कागद पूर्ण वाचला. माणूस पाच मिनिटे उभा राहिला. मोटरीचे पैसे त्याने घेतले नाहीत. चटणीच्या भांड्याचे पातेही बदलायचे होते. त्याचे एकशे ऐंशी रुपये बाईंनी दिले, कारण ते वापरूनच झिजले होते. त्याची पावती त्यांनी मागून घेतली.