उतारशाळेपर्यंत पोहोचण्यापूर्वी

दयाळू शोमरोन्याचा दाखला आपणांपैकी कोणास ठाऊक नाही? यरुशलेमहून यरीहोकडे निघालेला वाटसरू लुटारूंच्या हाती सापडतो. दोघे जण त्याला पाहून निघून जातात, तिसरा थांबतो, त्याच्या जखमा बांधतो आणि त्याला उतारशाळेत पोहोचवितो. आपण त्या तिसऱ्याचे कौतुक करून घरी परततो. परंतु ह्या दाखल्यात आणखी दोन गोष्टी आहेत. एक तो धोक्याचा रस्ता, आणि दुसरा उतारशाळेचा तो मालक, ज्याच्या स्वाधीन जखमीला करण्यात आले. अपघाताचा विचार करताना रस्ता, वाटसरू आणि उतारशाळा ह्या तिन्हींचा विचार करावयास हवा. इंदूर नगरीच्या उदाहरणावरून हे नीट उमगेल.

होळकरांच्या ह्या नगरीत मराठी घराणी पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. येथे १८७८ साली वैद्यकीय शाळा सुरू झाली. पुढे ती किंग एडवर्ड यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली, आणि १९४८ मध्ये महात्मा गांधींच्या स्मरणार्थ वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. ह्या महाविद्यालयाला जोडलेल्या महाराजा यशवंतराव रुग्णालयास तेथील लोक नुसते ‘एमवाय’ म्हणतात. शेजारच्या जिल्ह्यांतील अपघातग्रस्त येथे आणले जातात आणि तरुण डॉक्टर त्यांच्या खाटेपाशीच आपली विद्या शिकतात. आग्रा–मुंबई महामार्ग ह्याच शहरातून जातो. तोच पुढे धुळे, नाशिक ओलांडून ठाण्यास उतरतो. तेव्हा इंदूरचा रस्ता आपणांस परका नाही.

प्रथम रस्ता. इंदूरहून दक्षिणेकडे येताना धार जिल्ह्यात गणपती घाट लागतो. लांब व तीव्र उतारावर अवजड मालमोटारीचा चालक सतत ब्रेक दाबून ठेवतो. त्यामुळे ब्रेक तापतात आणि त्यांची पकड सुटते. मग लोखंडाचे ते धूड पुढच्या वाहनांवर जाऊन आदळते. ह्या एका घाटाने कितीतरी घरांतील दिवे विझविले. वर्षानुवर्षे चालकांना दोष देऊन झाला, फलक लावून झाले. अखेरीस २०२४ च्या शेवटी उतरणाऱ्या वाहनांसाठी कमी उताराचा निराळा मार्ग खुला करण्यात आला. मनुष्य चुकणार हे गृहीत धरून, त्याच्या चुकीची शिक्षा मृत्यू होऊ नये अशी व्यवस्था करणे, हे देखील वैद्यकच होय. अपघात म्हणजे दैवाचा घाला, अशी आपली समजूत असते. देवाच्या इच्छेवर आपण आपला हलगर्जीपणा किती सहज लादतो!

आता वाटसरूकडे वळू. २०२२ साली भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांपैकी ५०,०२९ जण हेल्मेट न घातलेले दुचाकीस्वार अथवा त्यांच्या मागे बसलेले होते. हेल्मेटमुळे डोक्यास इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी, तर मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी घटतो, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित तपासणीतून दिसून आले आहे. कवटीवरचा आघात हेल्मेटच्या आतील जाड थर स्वतः दबून शोषून घेतो. परंतु हनुवटीखालचा पट्टा बांधलेला नसेल, तर पहिल्याच धक्क्यास ते उडून जाते. १ ऑगस्ट २०२५ पासून इंदुरात, हेल्मेट नसेल तर पेट्रोल देऊ नये असा आदेश काढावा लागला. स्वतःचे डोके वाचविण्यासाठीही माणसावर सक्ती करावी लागावी, ह्याचे मला दुःख वाटते.

धर्मगुरू ह्या नात्याने मी तरुणांच्या शवपेट्यांवर पवित्र जल शिंपडले आहे. एका घरी सांत्वनास गेलो असता दाराआड खिळ्याला नवे कोरे हेल्मेट लटकत होते. “फादर, तो तिठ्यापर्यंतच जाऊन येणार होता,” एवढेच त्याची आई बोलू शकली. मजपाशी उत्तर नव्हते. त्या दिवसापासून मिस्सेला दुचाकीवरून येणाऱ्यांस मी दारातच विचारतो, “डोके झाकले होते ना?” काहींना तो विनोद वाटतो.

अपघात घडल्यावर थांबणाऱ्या शोमरोन्यास आता कायद्याचेही संरक्षण आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घातलेल्या १३४-अ ह्या कलमात त्याला ‘गुड समॅरिटन’ म्हणजे दयाळू शोमरोनी हेच नाव दिले आहे. जखमीस सद्‌हेतूने मदत करणाऱ्यावर खटला भरता येत नाही, आणि आपले नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही. तेव्हा पोलिसांच्या भीतीने तोंड फिरवू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. रक्त वाहत असेल तेथे स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका आणि त्याची मान ओढू अगर वळवू नका.

उरला उतारशाळेचा मालक, म्हणजे डॉक्टर. आजच्या वैद्यकीय विद्यार्थ्यास शिक्षणाच्या आरंभीच प्रथमोपचार शिकवितात. रुग्णाशी कसे बोलावे, वागावे, ह्याचेही पाठ अभ्यासक्रमात आहेत, आणि गावातील काही कुटुंबे त्याच्या देखरेखीखाली दिली जातात. परंतु त्याची स्वतःची देखरेख कोण करतो? राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाने २०२४ मध्ये अहवाल दिला. पाहणीत भाग घेतलेल्या पदवीपूर्व विद्यार्थ्यांपैकी २७.८ टक्क्यांनी आपणांस मानसिक आजार असल्याचे सांगितले. निवासी डॉक्टरांस आठवड्यास ७४ तासांहून अधिक काम देऊ नये, एक दिवस सुटी असावी, अशी शिफारस त्या दलाने केली. चोवीस तास न झोपलेल्या हातांनी आपल्या लेकराची जखम शिवली जावी, असे कोणास वाटेल?

शोमरोन्याने त्या मालकास दोन दिनार दिले, आणि अधिक खर्च झाल्यास परतताना फेडीन, असे आश्वासनही दिले. सेवा करणाऱ्यावर त्याने सगळा भार टाकला नाही. आपण मात्र रुग्ण दगावला की डॉक्टरांच्या अंगावर धावून जातो. आपलीच मुले वैद्यकीय शिक्षणास गेली, की निरोपागणिक गुणांची चौकशी करतो, झोपेची व जेवणाची नाही. ज्यांची मुले ह्या शिक्षणात आहेत, त्यांनी आज रात्री एवढेच विचारावे, “बाळा, नीट झोपलास ना?” उत्तर हुंदक्यात आले, तर ऐकून घ्यावे, आणि घरी ये म्हणावे. जीव गेल्यावर पदवी कोणाच्या कामाची?

संत लूक हा वैद्य होता, आणि हा दाखला त्याच्याच शुभवर्तमानात आढळतो. १८ ऑक्टोबरला त्याचा सण येतो. त्या दिवशी डॉक्टरांसाठी व परिचारिकांसाठी आपण प्रार्थना करूच. तोवर घरातील विहिरीला कठडा आहे की नाही ते पाहा. कीटकनाशक सरबताच्या बाटलीत भरून ठेवले असेल, तर ते आजच मूळ डब्यासह मुलांच्या हातापलीकडे ठेवा. आणि दाराआड खिळ्याला लटकलेले हेल्मेट खाली काढा.